न बोलणाऱ्या चुका: प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यातल्या जोडणीचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं डेटाबेसशी काय काम? प्रश्न रास्त आहे. एखादं ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरवायचं, आणि 'चूक झालेली नाही' असं म्हणायला कोणता पुरावा लागतो, हे आमच्या विषयाचे फार जुने प्रश्न आहेत. गेल्या साठेक वर्षांत हेच प्रश्न संगणकाच्या लोकांपुढे एका अगदी साध्या जागी येऊन उभे राहिले. ती जागा म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याची माहिती साठवणारा डेटाबेस यांच्यातली जोडणी. आज आपण तिचा इतिहास पाहणार आहोत.

आधी शब्द नीट समजून घेऊ. बँकेचं, रुग्णालयाचं, विद्यापीठाचं, कुठलंही सॉफ्टवेअर घ्या. त्यात काम करणारा प्रोग्रॅम एकीकडे असतो आणि नोंदी जिथे राहतात तो डेटाबेस दुसरीकडे, बहुधा वेगळ्याच यंत्रावर. या दोघांची गाठ पडायची तर काही गोष्टी आधी सांगाव्या लागतात: सर्व्हरचा पत्ता, पोर्ट क्रमांक, डेटाबेसचं नाव, वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, अक्षरसंच, टाइमझोन, आणि बोलणं सुरक्षित वाहिनीतून करायचं की उघड्यावर. यांनाच सेटिंग्ज किंवा कॉन्फिगरेशन म्हणतात. जेमतेम आठ-दहा ओळींचा मजकूर. तो मूळ प्रोग्रॅममध्ये नसतो, बाजूच्या एका छोट्या फाइलीत असतो.

या आठ-दहा ओळींत चूक झाली तर काय होतं? काही चुका बोलक्या असतात. पासवर्ड चुकला की डेटाबेस दारच उघडत नाही, काम थांबतं, पाच मिनिटांत माणूस येऊन दुरुस्ती करतो. काही चुका मात्र मुक्या असतात. सगळं सुरळीत चाललेलं दिसतं, पडद्यावर तक्रार नाही, आणि नोंदी भलत्याच जागी किंवा भलत्याच रूपात जात राहतात. आजचं व्याख्यान या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

पत्त्यांच्या जागी कार्डं

सुरुवात १९६० च्या दशकापासून करू. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली, आणि तिच्यासाठी ओएस/३६० ही कार्यप्रणाली तयार झाली. त्यात एक महत्त्वाची कल्पना होती. प्रोग्रॅमने माहितीच्या संचाला फक्त एका टोपणनावाने हाक मारायची. ते टोपणनाव कुठल्या टेपवरच्या किंवा डिस्कवरच्या खऱ्या संचाला लागू आहे, हे प्रोग्रॅमबाहेर, वेगळ्या कार्डावर लिहायचं. त्या कार्डांच्या भाषेला जेसीएल म्हणत. आजच्या कॉन्फिगरेशन फाइलची ही आजीच म्हणायला हरकत नाही.

सोय मोठी होती. तोच पगारपत्रकाचा प्रोग्रॅम या महिन्याला एका टेपवर आणि पुढच्या महिन्याला दुसऱ्या टेपवर चालवता येई, प्रोग्रॅमला हात न लावता. यंत्राचा वेळ महाग, म्हणून कार्डांची तपासणीही कडक. काम सुरू होण्याआधीच कार्डं वाचली जात, आणि लेखन नियमात बसत नसेल तर काम परत येई. लोक वैतागत. पण एक गोष्ट पाहा: चूक तिथेच, सुरुवातीलाच बोलत होती.

तरीही त्या भाषेत एक मुकी फट होती. जेसीएलच्या नियमानुसार ओळीत मध्येच रिकामी जागा आली, की तिच्या पुढचा मजकूर 'शेरा' समजला जाई. म्हणजे दोन सूचनांच्या मध्ये स्वल्पविरामाऐवजी चुकून जागा सुटली, तर दुसरी सूचना यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसे. कार्ड नियमात बसत होतं, काम सुरू होत होतं, आणि तुम्ही सांगितलेलं अर्धं कोणी ऐकलेलंच नव्हतं. ओएस/३६० च्या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी पुढे स्वतःच जेसीएलवर कठोर टीका केली.

याच काळातली दुसरी मुकी चूक फोरट्रान भाषेतली. १९५७ च्या या भाषेत चलाचं नाव आधी जाहीर करण्याची सक्ती नव्हती. टंकताना एक अक्षर चुकलं, की यंत्र त्या नावाचा नवाच चल तयार करून पुढे जाई. नावं आधी जाहीर करायलाच लावायची सोय प्रमाण भाषेत आली ती फोरट्रान ९० मध्ये. इतकी वर्षं आपण यंत्राला विचारत होतो 'अमुक कुठे आहे?', आणि यंत्र म्हणत होतं, 'नसेल तर करून देतो'. हे दुसरं उत्तर ध्यानात ठेवा, पुढे आणखी भेटणार आहे.

अंतर वाढलं, सोय वाढली

जून १९७० मध्ये एडगर कॉड या आयबीएमच्या गणितज्ञाचा रिलेशनल प्रारूपावरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा गाभा असा: माहिती आत कशी साठवली आहे याची जाणीव वापरणाऱ्याला असण्याची गरज नाही. 'कुठे' आणि 'कसं' हे डेटाबेसने पाहावं, माणसाने फक्त 'काय हवं' ते सांगावं. या कामासाठी कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि आज जगातल्या बहुसंख्य व्यवहारांच्या नोंदी याच विचारावर उभ्या आहेत.

पण प्रत्येक अंतराबरोबर एक नवं जोडकाम येतं. प्रोग्रॅमला माहितीची जागा ठाऊक नसली तरी कुठे तरी, कुणी तरी, ती सांगायलाच हवी. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी आणलं, १९९७ मध्ये जावा भाषेबरोबर जेडीबीसी आलं. आता एकाच प्रोग्रॅमला वेगवेगळ्या कंपन्यांच्या डेटाबेसशी बोलता येऊ लागलं. बदलायचा तो फक्त जोडणीचा एक मजकूर. पुढे २०११ च्या सुमारास, मोठ्या प्रमाणावर सेवा चालवणाऱ्यांमध्ये असा संकेत रूढ झाला, की हा मजकूर प्रोग्रॅमच्या सोबतही ठेवू नये, यंत्राच्या भोवतालच्या चलांमध्ये ठेवावा. त्याला कारण चांगलं होतं. पासवर्ड प्रोग्रॅमबरोबर चारचौघांत फिरू नये.

किंमत मात्र मोजावी लागली. हे भोवतालचे चल म्हणजे निव्वळ अक्षरांच्या ओळी. त्यात अंक, होय-नाही, तारीख असा भेद नाही. नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तर कोणी हरकत घेत नाही, कारण त्या जगात कुठलंही नाव चालतं. आणि जे नाव प्रोग्रॅम शोधतो ते न सापडल्यास? तेव्हा पुढे येतो डिफॉल्ट, म्हणजे गृहीत धरलेला पर्याय.

डिफॉल्ट नावाचा भिडस्त यजमान

डिफॉल्ट ही वाईट गोष्ट नाही. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी वीस प्रश्न विचारू नयेत, हा त्यामागचा सद्हेतू. पण तो एखाद्या भिडस्त यजमानासारखा वागतो. तुम्ही काही बोलला नाहीत तर तो विचारत नाही, स्वतःच्या अंदाजाने ताट वाढतो.

तीन उदाहरणं देतो. पोस्टग्रेस या डेटाबेसला जोडताना डेटाबेसचं नाव दिलंच नाही, तर वापरकर्त्याचं नाव हेच डेटाबेसचंही नाव धरलं जातं. वापरकर्त्याचं नावही दिलं नाही, तर यंत्रावर ज्या नावाने काम चाललंय ते नाव. त्या नावाचा डेटाबेस नसला तर चूक बोलते. पण असला, आणि तो चाचणीसाठी कोणी कधी काळी केलेला असला, तर प्रोग्रॅम आनंदाने तिथेच लिहायला लागतो.

दुसरं उदाहरण एसक्यूलाइटचं. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये केलेला हा छोटा डेटाबेस आज आपल्या खिशातल्या फोनमध्येही आहे. त्यात डेटाबेस म्हणजे एक फाइल. सांगितलेल्या जागी ती फाइल नसेल, तर सर्वसाधारण पद्धतीत तो नवी रिकामी फाइल तयार करतो. फोरट्रानचं तेच उत्तर: 'नसेल तर करून देतो.' फोनमधल्या नव्या अॅपसाठी हे योग्यच आहे. पण पत्त्यात एक अक्षर चुकलं, आणि प्रोग्रॅमला सुरुवातीला आपली टेबलं स्वतः तयार करायची सवय असली, तर जुन्या नोंदी शेजारच्या फाइलीत स्वस्थ पडून राहतात आणि नव्या नोंदी कोऱ्या वहीत जात राहतात.

तिसरं उदाहरण सुरक्षिततेचं. पोस्टग्रेसची जोडणी गुप्त वाहिनीतून व्हावी की नाही, याचा डिफॉल्ट आहे 'जमलं तर करा'. म्हणजे गुप्त वाहिनी जमली नाही तर तो न सांगता उघड्या वाहिनीवर येतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने याला अर्थ नाही, जुन्या व्यवस्था बंद पडू नयेत म्हणून हा पर्याय ठेवला आहे, असं त्यांच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच स्पष्ट केलेलं आहे. ज्याने ती पुस्तिका वाचली नाही, त्याला आपलं बोलणं रस्त्यावर चाललंय हे कसं कळावं? काम तर होतंच आहे.

आपल्या लिपीची गोष्ट

आता असं उदाहरण, जे मराठी माणसाला दूरचं वाटणार नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरी होती. तिची मांडणी इस्की या भारतीय प्रमाणावर आधारलेली. आज सर्वत्र वापरात असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांत मावतं. 'मराठी' हा शब्द घ्या. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी, अशी पाच चिन्हं. म्हणजे पंधरा बाइट.

मायएसक्यूएल हा फार वापरला जाणारा डेटाबेस मूळचा स्वीडनमधला. त्यात अक्षरसंच सांगितला नाही तर पश्चिम युरोपीय अक्षरांचा संच गृहीत धरला जाई, आणि शब्दांची क्रमवारीही स्वीडिश पद्धतीची. सर्वसमावेशक युनिकोड हा डिफॉल्ट झाला २०१८ मध्ये, आठव्या आवृत्तीत. त्याआधीच्या काळात 'अक्षरसंच' ही एक ओळ विसरणं मराठीला किती महाग पडलं असेल, याचा विचार करा.

विसरल्यावर दोन वेगळ्या गोष्टी घडू शकत होत्या. पहिली अशी: टेबल पश्चिम युरोपीय संचाचं, जोडणी युनिकोडची. डेटाबेसला 'म' हे चिन्ह कळतं, पण टेबलात त्याला जागा नाही. मग त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं जाई. 'मराठी'चे झाले पाच प्रश्नचिन्हं. मूळ शब्द गेला, कायमचा. २०१५ च्या ५.७ या आवृत्तीत कडक पद्धत हा डिफॉल्ट झाला आणि अशी नोंद नाकारली जाऊ लागली. त्याआधी केवळ एक इशारा नोंदवला जाई, आणि तो मुद्दाम विचारल्याशिवाय कोणाला दिसत नसे.

एका छोट्या ग्रंथसंग्रहात हे आम्ही जवळून पाहिलं, नाव सांगण्याची गरज नाही. एका घराण्याने आपल्या जुन्या पोथ्या सूची करण्यापुरत्या दिल्या होत्या. नव्या सर्व्हरवर नवं टेबल तयार करताना अक्षरसंच सांगायचा राहिला. सूची करणाऱ्या बाई रोज निष्ठेने नोंदी टंकत होत्या, 'नोंद जतन झाली' असं पडद्यावर येत होतं. पोथ्या परत गेल्या. मग कोणी तरी सूची छापायला घेतली, तेव्हा शीर्षकाच्या जागी प्रश्नचिन्हं, लेखनिकाच्या जागी प्रश्नचिन्हं, फक्त पानांची संख्या शाबूत. त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. दोन महिने त्या भिंतीशी बोलत होत्या आणि भिंत 'हो' म्हणत होती.

दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. जोडणी आणि टेबल दोन्ही पश्चिम युरोपीय संचाची, पण प्रोग्रॅम पाठवतोय यूटीएफ-८ मधले बाइट. डेटाबेसला वाटतं ही पंधरा युरोपीय अक्षरं आहेत. तो ती तशीच ठेवतो. वाचताना तेच पंधरा बाइट परत देतो आणि प्रोग्रॅम त्यांतून पुन्हा 'मराठी' असा शब्द दाखवतो. जाताना एक चूक, येताना तीच चूक उलटी. दोन्ही एकमेकींना खोडतात आणि पडद्यावर सगळं शुद्ध दिसतं. वर्षानुवर्षं संकेतस्थळ चालतं. मग एके दिवशी बरोबर सेटिंग असलेला नवा प्रोग्रॅम येतो आणि त्याला दिसते युरोपीय अक्षरांची रांगोळी. दोष मात्र लागतो त्या नव्या, बरोबर प्रोग्रॅमला!

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे श्रीहर्ष आठवायला हवा. बाराव्या शतकातल्या 'खंडनखंडखाद्य' या ग्रंथात त्याने एक उदाहरण घेतलं आहे. एकाने मुठीत कवड्या लपवल्या, दुसऱ्याने नुसत्या अंदाजाने 'पाच' म्हटलं, आणि निघाल्या पाचच. उत्तर खरं, पण याला ज्ञान म्हणायचं का? १९६३ मध्ये एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने तीनेक पानांच्या निबंधात याच जातीचा पेच पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेपुढे टाकला. आपल्या डेटाबेसमध्ये तोच पेच आहे. 'लिहिलेलं परत वाचलं, बरोबर आलं' ही चाचणी इथे उत्तीर्ण होते, तरी साठवण चुकीची आहे. म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा हवा. डेटाबेसलाच विचारायचं: 'तुझ्या मते या शब्दात अक्षरचिन्हं किती?' उत्तर पाच आलं तर ठीक. पंधरा आलं तर त्याला आपण बोललेलं कळलेलंच नाही.

३१ जानेवारी २०१७

मुक्या चुकांच्या इतिहासात या तारखेचं स्थान मोठं आहे. गिटलॅब ही प्रोग्रॅमरांचं काम साठवणारी सेवा. त्या रात्री मुख्य डेटाबेस आणि त्याची दुय्यम प्रत यांचा मेळ तुटला होता. तो जुळवताना एका अभियंत्याने दुय्यम यंत्रावरची माहिती पुसायचा आदेश दिला, आणि तो चालला मुख्य यंत्रावर. चूक ध्यानात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी माहिती गेली होती.

ही चूक बोलकीच होती. खरी गोष्ट पुढे आहे. रोजच्या रोज डेटाबेसची नक्कल काढून दूर ठेवण्याची व्यवस्था होती. ती उघडून पाहिली तर रिकामी. झालं होतं असं: नक्कल काढणाऱ्या साधनाने पोस्टग्रेसची कुठली आवृत्ती वापरायची, हे यंत्रावरच्या डेटाबेसच्या फाइली पाहून ठरायचं. ज्या यंत्रावर हे काम चालत होतं तिथे त्या फाइली नव्हत्याच. म्हणून त्याने डिफॉल्ट धरला, ९.२. प्रत्यक्ष डेटाबेस होता ९.६. जुन्या साधनाने नव्या आवृत्तीची नक्कल काढायला नकार दिला, आणि तेही योग्यच केलं. त्या नकाराची सूचना ईमेलने जायची होती. पण त्या ईमेलांवर पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी खूण नव्हती, म्हणून घेणाऱ्या सर्व्हरने त्या नाकारल्या.

साखळी पाहा. साधन बोललं. निरोप निघाला. तो दारातून परत गेला. आत बसलेल्या माणसांना काय दिसलं? शांतता. आणि तिचा अर्थ त्यांनी लावला, 'सगळं ठीक आहे'.

नशिबाने त्याच दिवशी, सुमारे सहा तास आधी, वेगळ्याच कामासाठी कोणी तरी हाताने एक प्रत काढून ठेवली होती. तिच्यावरून सेवा उभी राहिली. त्या सहा तासांतली माहिती गेली. कंपनीच्या अंदाजाने सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिपण्या आणि ७०० नवी खाती यांना झळ बसली. कंपनीने दुरुस्तीचं काम जगासमोर थेट दाखवलं, नंतर सविस्तर अहवाल जाहीर केला, आणि अभियंत्याला बळीचा बकरा केलं नाही. म्हणून तर आज आपण यातून शिकू शकतो.

शांततेचा अर्थ

आता आपण आमच्या अंगणात येऊ. 'घडा इथे नाही' हे आपल्याला कशाने कळतं? कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक आणि पुढे अद्वैती म्हणतात, त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण आहे. दिसत नाही, म्हणून नाही. पण त्यांनी एक अट घातली, आणि सगळं मर्म त्या अटीत आहे. ती अनुपलब्धी 'योग्य' हवी. खोलीत उजेड आहे, डोळे धड आहेत, आणि घडा असता तर दिसलाच असता, तरच 'दिसत नाही' वरून 'नाही' म्हणता येतं. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

गिटलॅबच्या लोकांना चुकीची ईमेल आली नाही. पण चूक झाली असती तर ईमेल आलीच असती का? ही अटच पूर्ण होत नव्हती. खोली अंधारी होती. पोथ्यांच्या सूचीतही तेच. 'त्रुटी दिसली नाही' हे वाक्य खरं होतं, फक्त त्रुटी दिसेल अशी व्यवस्थाच नव्हती.

दुसरा जुना वाद प्रामाण्याचा. मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळातच प्रमाण मानावं. पुढे त्याला बाध आला किंवा ज्या साधनाने ते झालं त्यात दोष आढळला, तरच ते टाकावं. नैयायिक म्हणतात, नाही. ज्ञानाचं प्रामाण्य बाहेरून ठरतं. लांबून पाणी दिसलं, ते मृगजळ की खरं? जा, ओंजळ भरून प्या. तहान भागली तर पाणी.

सेटिंग्ज न तपासता चालणारा प्रोग्रॅम हा कळत-नकळत मीमांसकांच्या पक्षाचा आहे, आणि तोही अर्धवट, कारण साधनातला दोष शोधण्याची त्यांची अट तो विसरतो. जोडणी उघडली म्हणजे लांबून पाणी दिसलं, एवढंच. चांगले अभियंते आज जे करतात ते दोन्ही पक्षांना मान्य होईल: साधनातला दोष आधी तपासा, आणि मग ओंजळभर पिऊन पाहा.

तपासणी म्हणजे प्रत्यक्षात काय

जिम ग्रे हे डेटाबेसच्या क्षेत्रातलं मोठं नाव. १९८५ मध्ये टँडेम कंपनीत असताना त्यांनी संगणक बंद का पडतात यावर एक अहवाल लिहिला. सर्वांत मोठा वाटा, ४२ टक्के, व्यवस्थापनाच्या कामांचा, म्हणजे चालवणं, देखभाल करणं आणि सेटिंग्ज बदलणं यांचा निघाला. यंत्रभागांचा १८ टक्केच. याच अहवालात त्यांनी असा आग्रह धरला, की प्रत्येक घटकाने एक तर बरोबर काम करावं, नाही तर तत्काळ थांबावं. चुकीचं काम करत राहण्याची मुभा त्याला नसावी.

या तत्त्वाला धरून जोडणीची तपासणी तीन पायऱ्यांत होते. पहिली, मजकुराची. आवश्यक ती सगळी नावं आहेत का? पोर्ट हा अंक आहे का, १ ते ६५५३५ मध्ये आहे का? अनोळखी नाव आलं तर दुर्लक्ष न करता हरकत घेतली जाते का? अक्षर चुकलेलं नाव पकडायचा हाच मार्ग. एक बारकावा: यॅमल या लोकप्रिय लेखनपद्धतीच्या जुन्या नियमांत अवतरणचिन्हाशिवाय ०१२३ लिहिलं तर ती अष्टमान संख्या समजली जाते, म्हणजे ८३. तुमचा पासवर्ड अंकी असेल तर पाठवला जाईल भलताच. आणि अनेक फाइलप्रकारांत हॅश चिन्हापुढचा मजकूर शेरा समजून सोडला जातो. साठेक वर्षांपूर्वीच्या जेसीएलची रिकामी जागा नव्या वेशात परत आली म्हणा ना.

दुसरी पायरी, प्रत्यक्ष भेटीची. जोडणी करायची आणि डेटाबेसलाच ओळख विचारायची. तुझं नाव काय, आवृत्ती कोणती, तू मुख्य की दुय्यम, खरा की चाचणीचा, अक्षरसंच कोणता, टाइमझोन कोणता? टाइमझोन किरकोळ वाटतो. पण भारतात पहाटे दोन वाजता झालेली नोंद जागतिक वेळेत आदल्या दिवसाच्या रात्री साडेआठची असते. जन्मतारीख असो की अर्जाची शेवटची मुदत, दिवस बदलतो.

तिसरी पायरी, थांबण्याची. उत्तर अपेक्षेप्रमाणे नसेल तर प्रोग्रॅमने सुरूच होऊ नये, आणि काय अपेक्षित होतं, काय मिळालं, हे साध्या भाषेत सांगावं, पासवर्ड न छापता.

कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सेटिंग्जच्या चुकांबद्दल एक निबंध सादर केला. चुकीच्या सेटिंग्जसाठी वापरणाऱ्याला दोष देऊ नका, असं त्याच्या शीर्षकातच होतं. २०१६ मध्ये त्यांतल्याच काहींनी दाखवलं, की कित्येक सेटिंग्ज सुरुवातीला तपासल्याच जात नाहीत. त्यांचा उपयोग येतो तो संकटाच्या वेळी, आणि चूक उघड होते तीही तेव्हाच. आगीच्या बंबात पाणी नाही हे आग लागल्यावर कळावं, तसं.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की एवढी कडक तपासणी ठेवली तर सेवा सारखी बंद पडेल. यात तथ्य आहे. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. सेटिंगच चुकलं असेल तर वाट पाहून ते सुधारणार नाही, थांबणंच योग्य. डेटाबेस क्षणभर बंद असेल तर मात्र थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करावा. घराचा पत्ता चुकणं आणि घरी कोणी नसणं यांत फरक आहे.

दुसरा आक्षेप तात्त्विक आहे. तपासणी करणाऱ्या साधनाची तपासणी कोण करणार? तिची पुन्हा कोण? याला न्यायशास्त्रात अनवस्था म्हणतात. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त यावर दिलेल्या उत्तराचा आशय असा, की शंकेलाही एक मर्यादा असते. ज्या गोष्टीवर विसंबून आपण रोज वागतो तिच्यावर शंका घेत राहणं आपल्याच वागण्याशी विसंगत ठरतं. व्यवहारात याचा अर्थ, तपासणीची साखळी कुठे तरी एखाद्या प्रत्यक्ष कृतीत संपवायची. नक्कल काढली गेली का हे विचारत बसण्यापेक्षा, महिन्यातून एकदा त्या नकलेवरून डेटाबेस खरोखर उभा करून पाहायचा. आणि अधूनमधून मुद्दाम चुकीचं सेटिंग देऊन पाहायचं, की यंत्र ओरडतं का. उजेड आहे की नाही, हे घडा ठेवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांना या फायली कधी उघडाव्या लागणार नाहीत. पण आपण संस्थांमध्ये आहोत. ग्रंथालयं, पतपेढ्या, शाळा, सोसायट्या, सगळीकडे आता नोंदी अशाच राहतात. तिथल्या तंत्रज्ञ मुलांना तीन प्रश्न जरूर विचारा. एक, सेटिंग चुकलं तर हे सुरू होईल की थांबेल? दोन, आपलं देवनागरी नाव डेटाबेस स्वतः किती अक्षरांचं मोजतो? तीन, गेल्या वेळी नकलेवरून सगळं उभं करून कधी पाहिलं होतं? उत्तर 'आजवर काही तक्रार नाही' असं आलं, तर समजा की दिवा अजून लावायचा आहे.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.